मुलांचा खेळ आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

यवतमाळ जिल्ह्यात दोन हंगाम एकमेकांच्या अंगावर येतात. दसऱ्याच्या सुमारास कापसाची बोंडे फुटू लागतात आणि वेचणीस घरातला प्रत्येक हात हवासा होतो. त्याच सुमारास शालेय क्रीडास्पर्धांचाही हंगाम रंगात आलेला असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने शिवारात जावे की मैदानावर, हा प्रश्न अनेक घरांत दरसाल उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा शिवाराच्या बाजूने लागते. तरीही काही मुले मैदानावर येतात. त्यांना तेथे आणणारा मनुष्य क्वचितच वेतनी प्रशिक्षक असतो. शाळा सुटल्यावर तासभर थांबणारे गुरुजी, महाविद्यालयातून घरी परतलेला एखादा तरुण, स्वतः कधी काळी खेळलेला एखादा दुकानदार, अशी ही हौशी मंडळी असतात. त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही पुस्तकात नसते. परंतु त्यांची परंपरा जुनी आहे, आणि तिचा इतिहास नीट पाहिला असता आजच्या प्रशिक्षकाला व पालकाला त्यातून पुष्कळ शिकता येण्यासारखे आहे.

ह्या परंपरेचा आरंभ वऱ्हाडच्या आखाड्यात आहे. मारुतीच्या देवळालगतची ती तांबड्या मातीची जागा आणि तेथील वस्ताद ही गावाच्या जीवनातील एक संस्थाच होती. वस्तादास पगार नसे. सणावारी मानाचा नारळ, एखादा फेटा आणि गावाचा आदर एवढीच त्याची मिळकत. त्याच्या अंगी डावपेचांचे ज्ञान असावे लागे हे खरे. तथापि त्याची खरी परीक्षा जत्रेतल्या दंगलीत होई, आणि ती ‘जोड’ लावण्याच्या कामी होई. दंगलीचा आरंभ लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी व्हावयाचा. त्या वेळी कोणत्या पोराची गाठ कोणाशी घालावयाची हे वस्ताद ठरवी. वय, वजन, उंची, सरावाचे महिने आणि पोराचा स्वभाव एवढे सर्व नजरेने तोलून तो समतोल जोड लावी. जोड बरोबरीची असली म्हणजे पडलेल्या पोरालाही लोकांची शाबासकी मिळे. जोड विजोड झाली, तर लोक पडलेल्यास हसण्याऐवजी लावणाऱ्यास बोल लावीत. लहान मुलाच्या पराभवाची जबाबदारी मोठ्या माणसाने पत्करावयाची, हा केवढा मोठा विचार त्या साध्या रिवाजात दडलेला होता!

आखाड्याचे सर्वच काही अनुकरणीय होते असे मात्र नाही. तेथे मुलींना प्रवेश नव्हता. अनेक गावांत जातीजातींचे आखाडे निराळे असत. शिस्तीच्या नावाखाली काठीचाही उपयोग होई, आणि जे ज्ञान वस्तादाच्या हाती असे ते बहुधा त्याच्याबरोबरच संपे. हौशी शिक्षक निष्ठावान असतो, परंतु तो स्वतः कोठे शिकला, ह्या प्रश्नाला आखाड्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न यवतमाळपासून सुमारे 90 किलोमीटरवर, अमरावतीत झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ ह्या चार जिल्ह्यांचा मिळून वऱ्हाड प्रांत होता; यवतमाळ जिल्हा तर 1905 पर्यंत वणी जिल्हा ह्या नावानेच ओळखला जाई. ह्या प्रांतात 1914 मध्ये अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य ह्या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आरंभी त्याचे स्वरूप एका आखाड्याचेच होते. परंतु 1924 पासून मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग चालविण्यास प्रारंभ केला, आणि तेथे एक नवी गोष्ट घडली. ह्या वर्गांचा उद्देश मल्ल घडविण्याचा नव्हता. ठिकठिकाणच्या होतकरू तरुणांना व शाळामास्तरांना काही आठवडे एकत्र ठेवावे, व्यायाम कसा शिकवावा, मुलांचे गट कसे पाडावे, खेळ कसा घ्यावा हे त्यांस दाखवावे, आणि मग त्यांनी आपापल्या गावी परत जाऊन तेच करावे, अशी ती योजना होती. वस्तादाची निष्ठा आणि शाळेची पद्धत ह्यांची सांगड येथे घातली गेली. 1936 मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली, त्या घटनेचा उल्लेख नेहमी अभिमानाने होतो. परंतु उन्हाळी वर्गातून शिकून शांतपणे आपल्या गावी गेलेल्या त्या अनाम शिक्षकांचे कार्य त्याहून लहान मानण्याचे कारण नाही.

त्याच काळात देशात अन्यत्रही हाच विचार रुजत होता. मद्रासेत हॅरी क्रो बक ह्यांनी 1920 मध्ये वाय. एम. सी. ए. च्या आश्रयाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. मुंबई सरकारने 1938 मध्ये कांदिवली येथे शिक्षकांसाठी तशीच संस्था उघडली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 मध्ये हुतूतूचे सामने नियमबद्ध रीतीने भरविले. नियम छापले गेले म्हणजे खेळ गावोगाव एकसारखा होतो, हा त्याचा उघड लाभ. त्याहून महत्त्वाचा लाभ असा, की दांडग्या पोराच्या आवाजावर निकाल ठरण्याचे बंद होते. नियम आणि पंच हे दुबळ्या खेळाडूचे पहिले संरक्षण होय.

फुटबॉल हा खेळ ह्या प्रदेशात बाहेरून आला. इंग्लंडात 1863 मध्ये फुटबॉल असोसिएशनने त्याचे नियम ठरविले. पलटणींबरोबर तो हिंदुस्थानात आला. 1888 मध्ये सिमल्यास ड्युरँड चषकाचे आणि 1891 मध्ये मुंबईस रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2–1 असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली, आणि अनवाणी खेळणाऱ्या देशी खेळाडूंच्या त्या विजयाने हा खेळ परका राहिला नाही. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज जगातील धनाढ्य क्लबांत ज्यांची गणना होते त्यांपैकी ॲस्टन व्हिला हा क्लब 1874 मध्ये बर्मिंगहॅममधील एका प्रार्थनामंदिराच्या तरुण मंडळींनी काढला, आणि एव्हर्टनचा उगम 1878 मध्ये लिव्हरपूलच्या अशाच एका मंदिरात झाला. म्हणजे तिकडेही मूळ हौशी माणसाचेच आहे. पैसा मागाहून आला.

कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यास हा खेळ अनेक दृष्टींनी सोयीचा आहे. बावीस जणांस एक चेंडू पुरतो. बॅट, पॅड, हातमोजे ह्यांचा खर्च नाही. अडचण असते ती जमिनीची. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात पायास चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून मैदान बहुधा मुरमाचे करावे लागते, आणि मुरमावर पडलेल्या मुलाचे गुडघे व कोपरे सोलून निघतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे असे ठरविले आहे. परंतु क्रीडांगण कागदावर असणे निराळे आणि त्यावरील गोटे वेचून काढणे निराळे. हे दुसरे काम पुन्हा त्या हौशी माणसाच्याच वाट्यास येते.

विदर्भात ह्या हौशी माणसाचे अलीकडचे ठळक उदाहरण नागपुरात सापडते. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी झोपडपट्टीतील पोरे भर पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिली. ती पोरे इतर वेळी काय करीत असतील, हा प्रश्न त्यांच्या मनात आला; परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली, ती ही की जितका वेळ ती खेळत होती तितका वेळ ती दुसऱ्या कोणत्याही वाईट नादापासून दूर होती. 2001 मध्ये त्यांनी झोपडपट्टी फुटबॉलचे काम सुरू केले आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. 2016 मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, तिला आपला विविधतेचा पुरस्कार दिला. 2022 मध्ये नागराज मंजुळे ह्यांच्या ‘झुंड’ चित्रपटाने ती कथा घरोघर पोचविली. बारसे ह्यांनी आरंभी उत्तम खेळाडू निवडण्याचा खटाटोप केला नाही. जो येईल त्यास खेळू दिले. संस्थेच्या साऱ्या कीर्तीचा पाया ह्या एका निर्णयात आहे.

शासन आणि महासंघ ह्यांनाही हे क्रमाने पटत गेले. 2017 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरावयाची होती. तिच्या आधी, 15 सप्टेंबर 2017 रोजी, राज्यातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा संकल्प महाराष्ट्र शासनाने सोडला. एका दिवसाच्या उत्साहाने खेळ रुजत नाही हे खरे. परंतु पुष्कळ खेड्यांतील मुलांच्या पायाला खरा फुटबॉल प्रथम लागला तो अशाच निमित्तांनी. पुढील वर्षी, 2018 मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ ही योजना काढली. लहान मैदान, थोडे खेळाडू, मुले-मुली एकत्र, पुष्कळ सामने, आणि व्यवस्थेत पालकांचा हात, असे तिचे स्वरूप होते.

‘पुष्कळ सामने’ ह्या दोन शब्दांत फार मोठा अर्थ आहे. आपल्याकडील शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात आणि त्या बहुधा बाद पद्धतीने खेळविल्या जातात. यवतमाळ जिल्ह्यात तालुके 16 आहेत. प्रत्येक तालुक्याचा एक संघ जिल्ह्याच्या ठिकाणी आला असे धरले, तर बाद पद्धतीने एकूण सामने होतात 15. आणि त्यांपैकी 8 संघ पहिलाच सामना हरून परत जातात. उमरखेड किंवा झरी-जामणीहून पहाटे एस. टी. ने निघालेली मुले तासाभराच्या आत हरून दुपारच्या गाडीने घरी येतात, आणि त्यांचा त्या वर्षीचा खेळ तेथेच संपतो. ज्यांना सरावाची सर्वांत अधिक गरज, त्यांना सर्वांत कमी सामने! ह्याच 16 संघांचे चार-चारांचे चार गट पाडले, तर प्रत्येक संघास निदान तीन सामने मिळतात. गटांचे 24 आणि पुढचे 3 मिळून 27 सामने होतात. एका मोठ्या मैदानावर आडवी-उभी आखणी करून लहान मैदाने केली आणि सात-सात खेळाडूंचे आटोपशीर सामने ठेवले, तर दोन दिवसांत हे काम उरकते. शासकीय स्पर्धेची पद्धत बदलणे एखाद्या शिक्षकाच्या हाती नसेल. परंतु गणेशोत्सवातील वा प्रजासत्ताकदिनाची गावची स्पर्धा कशी भरवावी हे तर त्याच्याच हाती आहे.

निकालाचा हव्यास मोठ्यांच्या मनात कोठून येतो हेही सहानुभूतीने पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात खेळाडू विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या प्रमाणपत्राची किंमत किती, हे निराळे सांगावयास नको. पाऊस फसला, बोंडअळी पडली, भाव कोसळला, तर घराला दुसरा आधार कोणता? म्हणून मुलाचा खेळ त्याला एखाद्या पिकासारखा दिसू लागतो. पेरले आहे ते उगवलेच पाहिजे, असे वाटते. ही वृत्ती लोभाची नाही, भीतीची आहे. परंतु तिचे परिणाम अनिष्ट होतात. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आहेत. वय लपविणे, दुखापत लपविणे, पंचाशी हुज्जत घालणे हे सारे त्याच वाटेवरचे टप्पे होत. आणि ज्याला पदक मिळण्याचा संभव नाही अशा मुलास, म्हणजे बहुसंख्य मुलांस, ‘आता पुरे झाला खेळ’ असे घरातूनच सांगण्यात येते.

ह्याच प्रश्नाशी अन्य देशांनीही झुंज घेतली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे 1964 मध्ये अवघ्या नऊ संघांनिशी एक युवक फुटबॉल संघटना निघाली. ती सर्वस्वी पालक-स्वयंसेवकांच्या बळावर चालली, आणि तिने दोन दंडक घातले: प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ खेळलेच पाहिजे, आणि हंगामाच्या आरंभी सर्व संघ समबल करून वाटले पाहिजेत. हा दुसरा दंडक वऱ्हाडच्या वस्तादाने ऐकला असता तर तो हसून म्हणाला असता, की ही तर आमची जोड लावण्याचीच रीत! नॉर्वेने 1987 मध्ये मुलांच्या क्रीडेसंबंधी नियम केले आणि 2007 मध्ये त्यांस मुलांच्या हक्कांची जोड दिली. त्यांनुसार अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते व क्रमवारी प्रसिद्ध करीत नाहीत, आणि तेरा वर्षांपर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने नसतात. हा लहानसा देश हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकांच्या अग्रस्थानी असतो. तेव्हा लहानपणी क्रमवारी न लावल्याने मोठेपणी खेळाडू निपजत नाहीत, ह्या भीतीस फारसा आधार उरत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला 2008 मध्ये पंचांच्या व मुलांच्या सन्मानासाठी मोहीम काढावी लागली, कारण मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मोठ्यांची जीभ हा तेथे एक प्रश्न होऊन बसला होता.

ह्या साऱ्या इतिहासातून हौशी प्रशिक्षकाने घ्यावयाचा बोध तसा थोडका आहे. त्याने प्रथम जोड पाहावी. दहाबारा मुलांना मोठ्या मैदानावर सोडून दिले तर दोन-तीन चपळ मुलांच्या पायांतच चेंडू फिरत राहतो. चार-चार, पाच-पाच मुलांचे समबल गट केले म्हणजे प्रत्येकाच्या पायास चेंडू वारंवार लागतो. आठ वर्षांखालील मुलास 3 क्रमांकाचा, बाराव्या वर्षापर्यंत 4 क्रमांकाचा आणि त्यापुढे 5 क्रमांकाचा चेंडू द्यावा. गोलाचे खांब नसले तर दोन दगड किंवा दोन दप्तरे पुरतात. रांगेत उभे करून एकेकास लाथ मारावयास लावणे हा सराव नव्हे. त्यात मुलाचा बराचसा वेळ वाट पाहण्यातच जातो. गोलरक्षकाची जागा नेहमी एकाच, बहुधा जाड किंवा बुजऱ्या, मुलाला देऊ नये. ती आळीपाळीने सर्वांस द्यावी. आणि संघातील सर्वांत दुबळा मुलगा सामन्यात किती वेळ खेळला, ह्याची नोंद गोलांच्या नोंदीइतक्याच काळजीने ठेवावी.

दुसरे कर्तव्य निरीक्षणाचे. यवतमाळ जिल्ह्याने विदर्भाच्या क्रिकेट संघास अक्षय कर्णेवार हा गोलंदाज दिला. तो उजव्या हाताने फिरकी टाकीत असे. परंतु क्षेत्ररक्षण करताना चेंडू फेकतो डाव्या हाताने, हे त्याच्या प्रशिक्षकाच्या ध्यानात आले आणि त्याने त्याला डाव्या हातानेही गोलंदाजी करून पाहावयास सांगितले. पुढे तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा दुर्मिळ खेळाडू झाला, आणि 8 नोव्हेंबर 2021 रोजी मणिपूरविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात त्याने चार षटकांत एकही धाव न देता दोन बळी घेतले. ही कथा अजोड विक्रमासाठी सांगितली जाते. प्रशिक्षकाने मात्र तिच्यातील दुसरा भाग लक्षात ठेवावा. एका मोठ्या माणसाने एका मुलाकडे नीट पाहिले, आणि आपले ठरीव मत बाजूस ठेवून ‘असे करून पाहा’ एवढेच म्हटले. प्रत्येक मुलात विक्रम दडलेला नसतो. परंतु नीट पाहिले जाण्याचा अधिकार प्रत्येक मुलास आहे.

तिसरे कर्तव्य रक्षणाचे. येथील उन्हाळा 44–45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा सराव उजाडताच किंवा सूर्य कलल्यावर घ्यावा, पाण्याचा माठ मैदानावरच ठेवावा, आणि तहान लागेपर्यंत न थांबता मुलांना ठराविक वेळाने पाणी पाजावे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली आणि त्यापुढे तेराव्या वर्षापर्यंत त्यावर मर्यादा घातली; ती खबरदारी आपल्याकडेही पाळण्यास काही खर्च येत नाही. डोक्यास मार लागून मूल गोंधळले, ओकले किंवा त्यास भोवळ आली, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानावर उतरवू नये व डॉक्टरांस दाखवावे. रक्षणाचा दुसराही अर्थ आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला होईल त्याने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक केले आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. प्रशिक्षकाने एखाद्या मुलासह एकांतात राहू नये, आणि पालकांनी सराव पाहावयास केव्हाही यावे, अशी प्रथा प्रत्येक मैदानावर असावी. प्रामाणिक मनुष्यास तिचा जाच वाटण्याचे कारण नाही; उलट तीच त्याचेही संरक्षण करते.

मुलींच्या बाबतीत आखाड्याची जुनी उणीव अजून पुरती भरून निघालेली नाही. मुलगी सातवी-आठवीत गेली म्हणजे तिचा खेळ हळूहळू थांबतो, आणि त्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. मैदानाजवळ स्वच्छतागृह नसते; अंधार पडण्यापूर्वी घरी पोचविणारी गाडी नसते; बरोबर एखादी बाई नसते. ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट दोन-तीन मातांनी मनावर घेतली तर सुटण्यासारखी आहे. सरावाची वेळ अर्धा तास अलीकडे आणणे आणि एका आईने पाळीपाळीने मैदानावर बसणे, एवढ्यानेही एखादा संघ टिकू शकतो.

राहिले पालक. त्यांचे काम सर्वांत सोपे दिसते आणि सर्वांत कठीण असते. सामना चालू असताना मुलास सूचना देऊ नयेत, कारण एका कानात प्रशिक्षक आणि दुसऱ्या कानात वडील ओरडू लागले म्हणजे मुलाचे पाय जागीच थबकतात. पंच हा बहुधा कोणाचा तरी शिक्षक किंवा कोणाचा तरी मोठा भाऊ असतो. तो चुकला तरी त्याचा अपमान मुलांदेखत होता कामा नये. हरून आलेल्या मुलास त्याच दिवशी चुका सांगू नयेत. जेवू घालावे, झोपू द्यावे. आणि वेचणीच्या दिवसांत, जेव्हा घराला खरोखरच हात कमी पडतात, तेव्हा प्रशिक्षकाने व पालकांनी एकत्र बसून आठवड्यातील दोन वेळा मुलासाठी राखून ठेवाव्या. पाच दिवसांचा सराव आखून तो मोडण्यापेक्षा दोन दिवसांचा आखून पाळावा. संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये मान्य केलेल्या आणि भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या करारात विश्रांती, खेळ आणि करमणूक हा मुलाचा हक्क म्हणून नमूद आहे. शेतकऱ्याच्या घरी हा हक्क पोचवावयाचा तर तो शेताचे वेळापत्रक ध्यानात घेऊनच पोचवावा लागेल.

1924 च्या उन्हाळी वर्गाने दाखवून दिले, की हौशी माणसाच्या निष्ठेला थोड्या शिक्षणाची जोड मिळाली म्हणजे तिचा प्रभाव गावोगाव पसरतो. आज यवतमाळ जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात असे पाच-दहा स्वयंसेवक असणे अशक्य नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना आठ दिवस एकत्र बसवून गट पाडणे, लहान मैदाने आखणे, प्रथमोपचार आणि पंचगिरी एवढे शिकविले, तर पुढील हंगामात त्याचे फळ दिसेल. ते फळ पदकांच्या संख्येत मोजू नये. जुलै महिन्यात जितकी मुले मैदानावर आली, तितकीच वेचणी आटोपल्यावर जानेवारीतही येत आहेत की नाहीत, आणि त्यांत पहिल्या सामन्यात हरलेली मुले किती, एवढे मोजले म्हणजे पुरे.